विश्लेषण : वाईट स्वप्नाचा शेवट दिवसाउजेडी बदलता येतो?

कुणीतरी मागे लागले आहे आणि पाय उचलत नाहीत. परीक्षेच्या दिवशी वर्ग सापडत नाही. गेलेले माणूस दारात उभे आहे आणि काही बोलत नाही. अशी स्वप्ने अधूनमधून सगळ्यांनाच पडतात आणि सकाळच्या चहाबरोबर विरूनही जातात. पण काहींना तेच स्वप्न आठवड्यातून दोनदा-तीनदा, कधी वर्षानुवर्षे पडत राहते. त्यांना झोपायचीच भीती वाटू लागते. घरी सांगितले तर ‘देवाचे नाव घेऊन झोप’ एवढेच उत्तर मिळते, आणि डॉक्टरांकडे हा विषय काढायला लाज वाटते. वास्तविक वारंवार पडणाऱ्या दु:स्वप्नांवर उपचार आहेत, त्यातला प्रमुख उपचार गोळीशिवायचा आहे आणि तो थोड्या बैठकांत शिकता येतो. तो काय आहे, आणि ‘स्वप्नातल्या भीतीला सामोरे जा’ या प्रसिद्ध सल्ल्यात तथ्य किती, याचा हा आढावा.

दु:स्वप्न नेमके कशाला म्हणायचे?

रात्री घाबरून उठणे म्हणजे दु:स्वप्न, असे आपण सरसकट म्हणतो. वैद्यकशास्त्र त्यात तीन वेगळ्या गोष्टी पाहते. दु:स्वप्नातून जागे झालेला माणूस चटकन भानावर येतो आणि काय दिसले ते तपशिलात सांगू शकतो. दुसरा प्रकार मुलांमध्ये जास्त दिसतो. झोप लागल्यावर तास-दोन तासांत मूल किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात, पण ते कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. ही गाढ झोपेतली भयावस्था असते. त्यात सांगण्यासारखे स्वप्न बहुधा नसतेच.

तिसरा प्रकार सर्वाधिक गैरसमजाचा. जाग आलेली असते, खोली दिसत असते, पण हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते. याला निद्रापक्षाघात म्हणतात. स्वप्नाच्या वेळी मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो. जाग आधी आली आणि स्नायू मोकळे व्हायला थोडा उशीर झाला, की हा अनुभव येतो. काही क्षणांत किंवा मिनिट-दोन मिनिटांत तो संपतो. जगभरातल्या कितीतरी भुताखेतांच्या गोष्टींचे मूळ बहुधा या दोन मिनिटांत आहे.

एखादे वाईट स्वप्न पडणे हा आजार नव्हे. ती वारंवार पडू लागली, झोप मोडू लागली आणि दिवसाच्या कामावर, मन:स्थितीवर परिणाम होऊ लागला तर त्याला दु:स्वप्न विकार म्हणतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१८ च्या निवेदनानुसार प्रौढांपैकी सुमारे चार टक्के लोकांना तो असतो. म्हणजे पंचवीस माणसांच्या कार्यालयात सरासरी एक.

पहाटेचे स्वप्न खरे होते का?

होते की नाही ते सोडा, पण पहाटेचेच स्वप्न लक्षात राहते हे खरे आहे आणि त्याला कारण आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळा टप्पा नोंदवला. या टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि मेंदूच्या लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या दिसतात. असेरिन्स्की यांनी सुरुवातीच्या चाचण्या आपल्या आठ वर्षांच्या मुलावरच केल्या होत्या. त्या टप्प्याला आता ‘रेम’ झोप म्हणतात. ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने प्रामुख्याने याच वेळी पडतात.

झोपेचे चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि रात्र सरेल तसा प्रत्येक चक्रातला ‘रेम’चा वाटा वाढत जातो. पहिल्या चक्रात काही मिनिटे, तर पहाटेकडे कधी अर्धा तास किंवा त्याहून अधिक. त्यामुळे सर्वांत लांब आणि सर्वांत रंगलेली स्वप्ने पहाटे पडतात आणि लगेच जाग येत असल्याने आठवतातही. दु:स्वप्नेही म्हणूनच रात्रीच्या उत्तरार्धात जास्त.

या टप्प्यात मेंदूतले भावनांशी, विशेषत: भीतीशी संबंधित भाग फार सक्रिय असतात, तर कपाळामागचा तर्क करणारा भाग मंदावलेला असतो. स्वप्नात घराच्या जिन्याखाली समुद्र निघाला तरी आपण ‘हे कसे शक्य आहे?’ असे विचारत नाही, फक्त घाबरतो, ते यामुळेच.

भीतीदायक स्वप्नांचा काही उपयोग असतो का?

फिनलंडचे संशोधक अँटी रेवोन्सुओ यांनी २००० मध्ये मांडलेला विचार असा, की स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना रात्री स्वप्नात पळण्याचा, लपण्याचा सराव मिळाला, तो दिवसा कामी आला. कल्पना आकर्षक आहे, पण ती सिद्ध करणे अवघड आहे. शिवाय स्वप्नात आपण अनेकदा पळूच शकत नाही, मग ही तालीम कसली, हा प्रश्न उरतोच.

जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी जरा वेगळ्या वाटेने शोध घेतला. व्हर्जिनी स्टर्पेनिश, लॅम्प्रोस पेरोगाम्व्रोस आणि सहकाऱ्यांनी १८ जणांच्या डोक्यावर प्रत्येकी २५६ इलेक्ट्रोड लावून त्यांना रात्रभर झोपवले आणि मध्ये मध्ये उठवून विचारले : स्वप्न पडत होते का, भीती वाटत होती का? भीती वाटत असताना मेंदूचे जे भाग सक्रिय होते, तेच भाग जागेपणी भीती वाटतानाही काम करतात, असे दिसले. पुढे ८९ जणांनी आठवडाभर स्वप्नांची रोजनिशी ठेवली आणि नंतर त्यांना मेंदूचे स्कॅन सुरू असताना त्रासदायक चित्रे दाखवण्यात आली. ज्यांनी स्वप्नात जास्त वेळा भीती अनुभवली होती, त्यांच्या मेंदूतली भीतीची केंद्रे ती चित्रे पाहताना कमी पेटली. भीतीला आवर घालणारा भाग मात्र अधिक सक्रिय दिसला.

याचा अर्थ, माफक भीतीचे स्वप्न मनाला थोडे निबर करत असावे. पण ‘माफक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. भीती एका मर्यादेपलीकडे गेली आणि माणूस दचकून जागा झाला, की हा फायदा मिळत नसावा, असे संशोधकांचेही मत आहे.

शिकागोतल्याच मानसशास्त्रज्ञ रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या, नैराश्यात असलेल्या लोकांच्या स्वप्नांचा अनेक वर्षे अभ्यास केला. विभक्त झालेल्या जोडीदाराची, भावनांनी भरलेली स्वप्ने ज्यांना पडली ते पुढे नैराश्यातून सावरण्याची शक्यता अधिक दिसली. त्रासदायक स्वप्न म्हणजे दरवेळी मन बिघडल्याची खूण नसते, कधी ते दुरुस्तीच्या कामाचा आवाज असते.

मग तेच स्वप्न पुन:पुन्हा का पडते?

कारण ते कधी पूर्णच होत नाही. दु:स्वप्न सर्वांत वाईट क्षणाला येते आणि जाग येते. जाग आल्यावर सुटका वाटते, पण गोष्ट तिथेच तुटते. मनाला ‘यानंतरही मी सुखरूप होतो’ हे अनुभवायला मिळत नाही. रॉस लेव्हिन आणि टोरे नील्सन या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, साध्या स्वप्नांत जुन्या भीतीचे तुकडे नव्या, निरुपद्रवी गोष्टींत मिसळतात आणि भीती हळूहळू बोथट होते. दु:स्वप्नात ही प्रक्रिया फसते. तेच तुकडे त्याच क्रमाने पुन्हा जुळतात.

त्यावर आपण जे करतो त्याने भर पडते. स्वप्नाच्या भीतीने लोक उशिरा झोपतात, मोबाइल पाहत जागतात, काही जण दारूचा आधार घेतात. झोप कमी झाली की मेंदू पुढच्या रात्री ‘रेम’ची भरपाई करतो आणि स्वप्ने आणखी तीव्र होतात. दारूने रात्रीच्या पूर्वार्धातली ‘रेम’ दबते आणि उत्तरार्धात उसळी मारते. अपघात, बलात्कार, मारहाण, पूर-भूकंप यांतून वाचलेल्यांच्या बाबतीत हे चक्र आणखी घट्ट असते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती जुलै २०२३ मधली रात्र होती. अशा घटनांत झोप हीच धोक्याची जागा ठरते. अशा आघातानंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्ने पडणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची ती ओसरतात. महिने उलटूनही ती तशीच राहिली तर मात्र वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

‘वळून वाघाकडे पाहा’ हा सल्ला आला कुठून?

स्वप्नातून पळू नका, पाठलाग करणाऱ्याकडे वळून पाहा, त्याला ‘तू कोण?’ असे विचारा, हा सल्ला पुस्तकांतून, चित्रफितींतून नेहमी भेटतो. त्याची एक जुनी नोंद फ्रान्समध्ये आहे. चिनी भाषेचे अभ्यासक हर्वे द सँ-देनी यांनी १८६७ मध्ये नाव न देता स्वप्नांवर पुस्तक प्रसिद्ध केले. भयानक आकृत्या मागे लागल्या आहेत आणि आपण एकामागून एक दारे उघडत पळतो आहोत, असे स्वप्न त्यांना वारंवार पडे. एकदा स्वप्नातच त्यांना हे स्वप्न असल्याचे भान आले; ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्या राक्षसाकडे टक लावून पाहत राहिले. पाहता पाहता तो विरून गेला.

पण हा सल्ला लोकप्रिय झाला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. किल्टन स्टुअर्ट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात मलायाच्या डोंगराळ भागात सेनोई लोकांमध्ये राहून आले. १९५१ च्या लेखात त्यांनी लिहिले, की सेनोई कुटुंबे रोज सकाळी न्याहारीच्या वेळी एकमेकांची स्वप्ने ऐकतात. स्वप्नात वाघ आला तर पळू नको, त्याच्यावर चालून जा, असे मुलांना शिकवतात. म्हणूनच त्यांच्यात हिंसा आणि मनोविकार जवळपास नाहीत. साठ-सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात ही गोष्ट डोक्यावर घेतली गेली. शिबिरे निघाली, पुस्तके निघाली.

पुढे सेनोईंमध्ये प्रत्यक्ष राहून काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट डेंटन आणि स्वप्न-संशोधक विल्यम डोमहॉफ यांनी तपासणी केली. सेनोई स्वप्नांना महत्त्व देतात हे खरे निघाले. न्याहारीच्या वेळचे स्वप्नवर्ग आणि वाघावर चालून जाण्याचे शिक्षण मात्र तिथे आढळले नाही. डोमहॉफ यांनी १९८५ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. डोंगरातल्या लोकांच्या नावावर शहरातल्या लोकांनी आपलीच इच्छा खपवली, असा हा प्रकार. आजही ही कथा समाजमाध्यमांवर ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून फिरते, तेव्हा एवढे लक्षात असलेले बरे.

गमतीचा भाग असा, की कथा खोटी निघाली तरी औषध पूर्ण खोटे निघाले नाही. चुकली ती जागा. झोपेत तर्काचा भाग मंदावलेला असताना ‘आता वळून पाहतो’ असा निश्चय करणे बहुतेकांना जमत नाही, आणि जमले नाही की अपराधीपणाची भर पडते. स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे, म्हणजे जागृत स्वप्न, ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झालेली आहे. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या हल विद्यापीठात किथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या व्यक्तीने आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून आतून खूण दिली होती. पण हे कौशल्य हुकमी नसते. नेदरलँड्समध्ये दु:स्वप्नांनी त्रस्त २३ जणांवर जागृत स्वप्नाचे प्रशिक्षण आजमावले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या अभ्यासात दु:स्वप्ने कमी झाली, मात्र त्यासाठी प्रत्यक्ष स्वप्नात भान येणे गरजेचे ठरले नाही. स्वप्न बदलता येते, ही जागेपणी केलेली तयारीच उपयोगी पडली असावी.

जागेपणी स्वप्न बदलायचे म्हणजे काय करायचे?

या पद्धतीला प्रतिमा-सराव उपचार म्हणता येईल. १९७८ मध्ये लंडनचे मनोविकारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी एका महिलेचे जुने दु:स्वप्न तिच्याकडून वेगळ्या शेवटासह पुन्हा पुन्हा सांगून-लिहून घेतले आणि ते थांबल्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत बॅरी क्रॅकॉव आणि सहकाऱ्यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले.

कृती ऐकायला पोरकट वाटेल इतकी साधी आहे. दिवसा, शांत वेळी, एक स्वप्न निवडायचे. सुरुवातीला सर्वांत भयंकर स्वप्न घ्यायचे नाही, आणि खऱ्या आघाताची हुबेहूब पुनरावृत्ती असलेले तर नाहीच. ते थोडक्यात लिहायचे. मग ‘हवे तसे’ बदलायचे आणि बदललेले स्वप्न पूर्ण लिहून काढायचे. त्यानंतर रोज दहा-वीस मिनिटे डोळे मिटून नवे स्वप्न मनासमोर आणायचे : रंग, आवाज, वास, पायाखालची जमीन. जुने स्वप्न उगाळायचे नाही.

समजा, घाटातल्या अपघातातून वाचलेल्या एखाद्याला दर दोन-तीन रात्रींनी तेच दिसते : उतार, धुके, ब्रेक लागत नाही, समोर कठडा. तो काय बदलेल? ब्रेक लागतो आणि गाडी थांबते, असे लिहिता येईल. पण ते पटत नसेल तर बदल त्याआधी करता येतो. धुके सुरू होण्यापूर्वीच डाव्या हाताला चहाची टपरी लागते. तो गाडी बाजूला घेतो. स्टोव्हचा आवाज, हातात गरम ग्लास, शेजारी एक म्हातारा वाटाण्याच्या शेंगा सोलतो आहे. धुके खाली दरीत राहते. तो दुसरा चहा मागवतो. एवढेच. कठडा या गोष्टीत येतच नाही.

इथे राक्षसाला मारण्याची सक्ती नाही, हे मला या पद्धतीतले सर्वांत माणुसकीचे वाटते. कुणी पाठलाग करणाऱ्याशी बोलतो, कुणी त्याला बुटका करतो, कुणी फक्त खोलीच्या भिंतीचा रंग बदलतो आणि खिडकी उघडतो. काय बदलायचे ते ज्याचे स्वप्न त्याने ठरवायचे. आघात झालेल्या माणसाकडून नेमका हाच अधिकार हिरावला गेलेला असतो.

याचा पुरावा काय? क्रॅकॉव यांच्या गटाने न्यू मेक्सिकोत लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या आणि आघातोत्तर तणाव विकार असलेल्या १६८ महिलांवर ही पद्धत तपासली. निम्म्या महिलांना केवळ तीन बैठका मिळाल्या, उरलेल्या प्रतीक्षा यादीत होत्या. २००१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. उपचार घेतलेल्यांची दु:स्वप्ने लक्षणीय घटली, झोप सुधारली आणि त्यांच्यापैकी ६५ टक्के महिलांमध्ये तणाव विकाराची तीव्रता किमान एका पायरीने उतरली. दुसऱ्या गटात ६९ टक्के जणी होत्या तिथेच राहिल्या किंवा आणखी बिघडल्या. अभ्यासाला मर्यादा होतीच : पाठपुराव्यापर्यंत ११४ महिलाच टिकल्या. तरी नंतरच्या अभ्यासांनीही साधारण तीच दिशा दाखवली. अमेरिकन अकॅडमीने २०१८ मध्ये आघाताशी निगडित आणि अन्य अशा दोन्ही प्रकारच्या दु:स्वप्नांसाठी या उपचाराची शिफारस केली. सर्वांनाच तो लागू पडत नाही. ज्यांना डोळ्यांसमोर चित्र आणणेच जमत नाही, त्यांना अधिक मदत लागते.

जिनिव्हाच्या गटाने २०२२ मध्ये त्याला एक जोड दिली. दु:स्वप्न विकार असलेल्या ३६ जणांना ही पद्धत शिकवली. त्यातल्या निम्म्यांनी नवे, चांगले स्वप्न मनात आणताना पियानोचा एक विशिष्ट स्वर ऐकला. मग दोन आठवडे सर्व जण घरी डोक्याला पट्टा लावून झोपले. ‘रेम’ झोप सुरू झाल्याचे ओळखून पट्टा तोच स्वर हलकेच वाजवी. दोन्ही गटांची दु:स्वप्ने कमी झाली, पण ज्यांच्या मनात स्वराचे नाते चांगल्या स्वप्नाशी जुळले होते त्यांची अधिक, आणि तीन महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. ३६ ही संख्या लहान आहे, पण दिवसा केलेली तालीम रात्रीच्या मेंदूपर्यंत पोहोचते याचा हा चांगला पुरावा आहे.

गोळीने काम होत नाही का?

रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध आघातानंतरच्या दु:स्वप्नांसाठी बराच काळ वापरले जात आहे. मात्र ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. काहींना त्याचा गुण येतो, म्हणून डॉक्टर ते अजूनही देतात.

उलट बाजू जास्त दुर्लक्षित आहे. काही औषधांनीच दु:स्वप्ने सुरू होतात. प्रोप्रानोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर, नैराश्यावरची काही औषधे, पार्किन्सनवरची औषधे, आणि आपल्याकडे सर्दी-ॲलर्जी-दम्यासाठी सर्रास दिले जाणारे माँटेल्युकास्ट ही त्यातली नावे. माँटेल्युकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला आहे. नवी गोळी सुरू झाली आणि घरातल्या मुलाला किंवा आजोबांना वाईट स्वप्ने पडू लागली, तर दोन्हीच्या तारखा डॉक्टरांना सांगाव्यात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

स्वप्नातून शिकायचे तरी काय?

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असे आपण म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘दात पडला म्हणजे घरात वाईट बातमी’ असेही म्हणतो. चरकसंहितेत या दोहोंचा मेळ घालण्याचा एक जुना प्रयत्न आहे. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी सुचवणारे आणि दोषांमुळे पडणारे. त्यातल्या पहिल्या पाच प्रकारांना काहीही फळ नसते, असे तिथेच स्पष्ट केले आहे. आजचे शास्त्र भावी सुचवणारा सहावा प्रकारही मानत नाही. पण सातपैकी पाच बाद करण्याचा तो सावधपणा स्वप्नफळाच्या आजच्या मोबाइल ॲपमध्ये सापडत नाही.

दात, साप, पाणी यांचा ठरावीक अर्थ सांगणारा कोश सगळ्यांना लागू पडणे शक्य नाही. सर्पमित्राच्या स्वप्नातला साप आणि साप चावून नातेवाईक गमावलेल्या माणसाच्या स्वप्नातला साप एक कसे असतील? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी मोठ्या आघातातून गेलेल्यांची स्वप्ने तपासली. अनेकांना खरी घटना न दिसता प्रचंड लाट अंगावर येताना दिसे. आग किंवा हल्ल्यातून वाचलेल्यांनाही. हार्टमन यांचे म्हणणे, स्वप्न घटना दाखवत नाही, त्यामागच्या भावनेचे चित्र काढते. लाट म्हणजे ‘मला हे झेपत नाही’.

तेव्हा स्वप्नानंतर ‘याचा अर्थ काय?’ याऐवजी ‘स्वप्नात नेमके काय वाटत होते, आणि हल्ली दिवसा तसे कधी वाटते?’ हा प्रश्न अधिक कामाचा. नोकरी लागून वीस वर्षे झालेल्या माणसाला दहावीच्या गणिताचा पेपर दिसत असेल तर तो गणिताबद्दल नसतो. कार्यालयात कुठेतरी पुन्हा तपासणी चालू असते. कधी उत्तर मिळते, कधी नाही. प्रत्येक स्वप्नातून काहीतरी निघालेच पाहिजे असा हट्टही नको. खूप उशिरा जेवल्याने मोडलेल्या झोपेतही स्वप्ने आठवतात.

मुले घाबरून उठली तर?

तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलांना वाईट स्वप्ने पडणे अगदी सामान्य आहे. ‘काही नाही, झोप’ म्हटल्याने मुलाला एवढेच कळते, की हे सांगायचे नसते. जवळ घ्यावे, दिवा मंद ठेवावा, रात्री चौकशी करत बसू नये. दुसऱ्या दिवशी स्वप्नाचे चित्र काढायला सांगावे आणि त्या चित्रात आणखी काय काढले तर बरे वाटेल, ते विचारावे. मुले राक्षसाला चष्मा लावतात, त्याच्या हातात फुगा देतात. मोठ्यांना जी पद्धत तीन बैठकांत शिकावी लागते, ती त्यांना उपजत येते. गाढ झोपेत किंचाळणाऱ्या मुलाला मात्र गदागदा हलवून उठवू नये; त्याला लागणार नाही एवढे पाहावे आणि थांबावे.

रामरक्षा म्हणून किंवा आजीचा हात धरून मूल शांत झोपत असेल तर त्यात वावगे काही नाही. झोपेआधीचा ठरलेला क्रम मनाला स्थिर करतोच. उशीखाली चाकू ठेवण्याऐवजी तेवढे करावे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

दु:स्वप्ने आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडत असतील, झोपायची भीती वाटत असेल, किंवा एखाद्या आघातानंतर ती महिनाभरात ओसरत नसतील तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. ‘झोप येत नाही’ एवढेच सांगून परतू नये. स्वप्नांबद्दल स्पष्ट सांगावे, कारण विचारले जाईलच असे नाही. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर तेही सांगावे. श्वासाच्या त्या विकारावर उपचार झाल्यावर काहींची दु:स्वप्ने कमी होतात.

पन्नाशीपुढची व्यक्ती स्वप्नात लाथा मारत असेल, ओरडत असेल, पलंगावरून पडत असेल तर ते मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. स्वप्नात स्नायू सैल ठेवण्याची यंत्रणा बिघडल्याने असे होते आणि पुढे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या विकाराची ती अनेक वर्षे आधीची खूण असू शकते.

वारंवार दु:स्वप्ने पडणे आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. स्वप्नांबरोबर जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.